एका धर्मनिष्ठ तरुण सैनिकाचे स्मरण : बेने इस्राएल कुटुंबातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इस्राएलच्या दक्षिणेकडील नेगेव प्रदेशातल्या एका लहान शहरातले आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून शहर, पलटण, येशिवा (यहुदी धर्मग्रंथांची पाठशाळा) आणि वर्ष यांचे उल्लेख टाळले आहेत आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. कोणत्या वळणावर काय ठरले आणि त्याचे पुढे काय झाले, यात मात्र काही फेरफार केलेला नाही. माझा या घराशी संबंध आला तो दुभाष्या म्हणून. घरातल्या आजींना मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत मोकळेपणाने बोलता येत नव्हते आणि त्यांच्या नातवाच्या स्मरणाविषयीची जवळजवळ सगळी बोलणी हिब्रूत झाली.

कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठीभाषक यहुदी समाजातले. आजींचा जन्म पेण तालुक्यातला, माहेरी तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात या समाजाला ‘शनिवार तेली’ म्हणत, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. पण त्या बंद घाण्यामागे शाब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळण्याची पिढ्यान् पिढ्यांची शिस्त होती, हे आजी ज्या तपशिलाने सांगत तसे फार थोडे लोक सांगू शकतात. शुक्रवारी दिवस मावळण्याआधी चूल आवरायची, दिवा लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत व्यवहाराचा शब्द काढायचा नाही.

आजी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून इस्राएलला आल्या. तो काळ बेने इस्राएलांसाठी अपमानाचा होता. विवाहाच्या नोंदणीपूर्वी या समाजातल्या वधूवरांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असे तेथील मुख्य रब्बीमंडळाने, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या मंडळाने, ठरवले होते. समाजाने त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. 1964 मध्ये बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असे सरकारला जाहीर करावे लागले आणि रब्बीमंडळालाही माघार घ्यावी लागली. पुढच्या सगळ्या गोष्टींमागे या आठवणीची सावली आहे, म्हणून ती येथे सांगणे भाग आहे.

आईवडील दोघेही पाळीत काम करणारे असल्यामुळे मुलगा आजींच्या हाताखाली वाढला. शाळेनंतर त्याने हेस्देर येशिवेत प्रवेश घेतला. या व्यवस्थेत धर्मनिष्ठ तरुण सुमारे पाच वर्षांचा कार्यक्रम पूर्ण करतात. त्यात तालमूद आणि इतर धर्मग्रंथांचा अभ्यास मुख्य असतो आणि मधली साधारण दीड वर्षे प्रत्यक्ष लष्करी सेवेत जातात. ही सेवा चालू असतानाच, वाळवंटातल्या सरावादरम्यान वाहन उलटून त्याचा मृत्यू झाला. तो 20 वर्षांचा होता.

पहिले तीस दिवस

दफन शहरातल्या दफनभूमीच्या लष्करी विभागात झाले. वडिलांनी कद्दिश, म्हणजे मृतासाठी म्हणायची प्रार्थना, म्हटला, धर्माज्ञेप्रमाणे अंगावरचे वस्त्र फाडले, सैनिकांनी तीन फैरी झाडल्या, आणि त्यानंतर घर शिव्हासाठी, म्हणजे सात दिवसांच्या शोकासाठी, बसले.

येथेच पहिला निर्णयाचा क्षण आला आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. धर्मशास्त्राप्रमाणे शोक पाळण्याचे बंधन सात नात्यांना आहे: आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि पती किंवा पत्नी. आजी त्यात बसत नाही. त्यामुळे आई, वडील आणि मोठी बहीण ही तिघे खाली बसली, भेटीला येणारा प्रत्येक जण त्यांच्यासमोर येऊन सांत्वनाचे ठरलेले शब्द म्हणून गेला, आणि ज्यांनी त्या मुलाला लहानाचे मोठे केले त्या आजी सातही दिवस स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या चहाचे पाहत राहिल्या. बंधन नाही याचा अर्थ मनाई आहे असा होत नाही. त्या शेजारी बसल्या असत्या तर कोणत्याही रब्बीने त्यांना उठवले नसते. पण तसे विचारायचे कोणाला सुचले नाही आणि आजींनी स्वतःहून काही मागितले नाही.

येशिवेतल्या मित्रांनी मिश्नाचे, म्हणजे तालमूदच्या मूळ संहितेचे, 63 खंड आपसात वाटून घेतले आणि तिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे श्लोशीमपर्यंत, ते मृताच्या आत्म्यासाठी वाचून पूर्ण केले. या तरुणांबद्दल मला मनापासून आदर आहे. सरावाच्या धकाधकीत, रात्री तंबूत विजेरीच्या उजेडात त्यांनी हे केले.

अडचण

तिसाव्या दिवसाच्या सुमारास तीन वेगवेगळ्या बाजूंनी कुटुंबाकडे विचारणा आली.

पहिली सरकारकडून. इस्राएलमध्ये लष्करी थडग्यांचे दगड सारख्याच आकाराचे आणि सारख्याच मजकुराचे असतात. सेनापती असो की नवा भरती झालेला जवान, जमिनीलगत एकसारखी दगडी उशी आणि तिच्यावर नाव, आईवडिलांची नावे, जन्मस्थान, वय आणि मृत्यूची तारीख. मृत्यू लढाईत झाला, नेमून दिलेले काम करताना झाला की सेवेच्या काळात झाला, यासाठीही ठरलेली शब्दयोजना आहे. आपल्या मुलाच्या दगडावर लढाईचा उल्लेख असणार नाही हे वडिलांना समजले तेव्हा ते अस्वस्थ झाले. कायद्याच्या दृष्टीने सेवेत मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या मान्यतेत त्यामुळे काही उणे येत नाही. परंतु वडिलांच्या घराण्यात जुन्या मुंबई लष्करात नोकरी केलेली माणसे होती, आणि शौर्याची जी कल्पना त्या घरात मुरलेली होती तीत उलटलेल्या वाहनाला जागा नव्हती. दगडावर एखादी खास ओळ घालायची का, असाही प्रश्न होता. 1990च्या दशकात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मृत सैनिकांच्या कुटुंबांना ठरावीक मजकुराखाली स्वतःचे काही शब्द कोरून घेण्याची मुभा दिलेली आहे.

दुसरी विचारणा येशिवेकडून आली. त्यांनी एक स्मरणपुस्तिका तयार केली होती आणि छापण्यापूर्वी ती घरी पाठवली. अतिशय मायेने लिहिलेली. पण तिच्या पहिल्याच पानावर असा सूर होता की हा मुलगा धर्माची फारशी जाण नसलेल्या, साध्या परंपराप्रिय घरातून आला आणि स्वतःच्या ओढीने तोरापर्यंत, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथापर्यंत, पोहोचला. शेवटच्या पानावर त्याचे वर्णन जवळजवळ संतासारखे होते: कधी रागावला नाही, कधी उशिरा उठला नाही, कधी वायफळ बोलला नाही.

तिसरी आपल्याच समाजाकडून आली. शहरातल्या बेने इस्राएल सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, पंचांनी त्याच्या नावाने नवा सेफेर तोरा, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी, अर्पण करण्याची कल्पना मांडली आणि वर्गणीला सुरुवातही केली.

तिन्ही बाजूंचा हेतू चांगला होता. तरीही प्रत्येकाकडे स्मरणाचा एक तयार साचा होता आणि त्या साच्यात कुटुंबाने आपला मुलगा बसवून द्यावा अशी अपेक्षा होती. मूळ अडचण ती होती. आईवडिलांना नकार द्यायचे बळ नव्हते; होकार देण्यापुरतेही मन थाऱ्यावर नव्हते.

पुस्तिकेचा मसुदा मी आजींना मराठीत वाचून दाखवला. पहिले पान संपल्यावर त्यांनी थांबवले आणि विचारले, “पहिली शेमा त्याला कोणी शिकवली, हे त्यांना कोणी सांगितलं नाही का?”

शेमा म्हणजे यहुद्यांची रोजची मुख्य प्रार्थना. मला तो प्रश्न मार्मिक वाटला, आजही वाटतो. सहा दशकांपूर्वी याच स्त्रीच्या समाजाला आपले यहुदीपण सिद्ध करायला सांगितले गेले होते. आता तिच्या नातवाची धर्मनिष्ठा तिच्या घराला वगळून सांगितली जात होती. लिहिणाऱ्या विशीतल्या मुलांना यातले काही माहीत नव्हते. त्यांच्या मनात कमीपणाचा लवलेश नव्हता, हे पुढे स्पष्ट झालेच.

विचारात घेतलेले पर्याय

श्लोशीमनंतरच्या आठवड्यात घरी एक बैठक झाली. आईवडील, बहीण, आजी, वडिलांचे धाकटे भाऊ म्हणजे मुलाचे काका, येशिवेतले एक रब्बी आणि मी एवढे हजर होतो. आजींना बोलवावे हा आग्रह बहिणीचा होता.

सेफेर तोराच्या बाजूने काका बोलले. गुंडाळीत 304805 अक्षरे असतात, लेखकाला ती पूर्ण करायला साधारण वर्ष लागते, शेवटची काही अक्षरे कुटुंबीयांच्या हातून भरून घेतली जातात आणि मग छत्राखाली वाजतगाजत ती सिनेगॉगमध्ये नेतात. मुलाच्या नावाला यापेक्षा मोठा मान कोणता, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोडून काढणे कोणालाच सोपे नव्हते. आईंची शंका वेगळी होती. वर्गणी देणारे बहुतेक जण निवृत्तिवेतनावर जगणारे. आपल्या दुःखाचा भार त्यांच्यावर पडू नये असे त्यांना वाटत होते. शिवाय त्या सिनेगॉगमध्ये वापरात असलेल्या गुंडाळ्या पुरेशा होत्या.

दुसरा पर्याय येशिवेकडेच सगळे सोपवण्याचा होता. तेथे दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला अभ्यासवर्ग भरला असता, मित्र आले असते, व्यवस्था चोख राहिली असती. कुटुंबाने पाहुण्यांसारखे जाऊन बसायचे. थकलेल्या वडिलांना हाच मार्ग बरा वाटत होता.

बहिणीने तिसरा पर्याय मांडला: पुण्यतिथीचा कार्यक्रम आपल्या शहरात, आपल्या घरी आणि आपल्या सिनेगॉगमध्ये करायचा, मित्रांनी येथे यायचे, आणि त्यात आजीच्या मलिद्याला जागा द्यायची. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, खजूर आणि फळे यांचा मलिदा एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने करण्याची बेने इस्राएलांची चाल जुनी आहे. काकांनी लगेच हरकत घेतली की मलिदा हा नवस फेडण्याचा, आनंदाचा विधी आहे. तरुण मुलाच्या मृत्यूच्या दिवशी तो शोभणार नाही. आजी म्हणाल्या, त्यांच्या माहेरी मेलेल्या माणसाच्या नावानेही ताट होत असे. दोघेही आपापल्या घरात पाहिलेले सांगत होते, त्यामुळे वाद तेथे मिटण्यासारखा नव्हता.

तो मिटवला येशिवेच्या रब्बींनी. त्यांनी मलिदा कधी पाहिला नव्हता. मांडणी कशी असते ते आजींना विचारले आणि मी भाषांतर करत गेलो: धान्याचा पदार्थ, झाडाचे फळ, जमिनीलगतचे फळ, सुगंधी पाला, प्रत्येकावर वेगळा आशीर्वाद. ऐकून ते म्हणाले की उत्तर आफ्रिकेतून आणि इराकमधून आलेल्या समाजांतही मृताच्या स्मरणदिनी अशाच क्रमाने खाद्यपदार्थांवर आशीर्वाद म्हणतात, त्याला अझकारा म्हणतात, आणि तुमचे ताट त्याच कुळातले दिसते. काकांची हरकत तेवढ्यावर पूर्ण गेली नाही, पण त्यांनी ती मागे घेतली.

निर्णय आणि कृती

दगडाच्या बाबतीत कुटुंबाने ठरावीक मजकूर आहे तसा स्वीकारला. या निर्णयामागे मुलाच्या तुकडीच्या अधिकाऱ्याची भेट होती. ते अनेकदा घरी येत. एका भेटीत त्यांनी वडिलांना शांतपणे सांगितले की त्या दिवशी गाडीत चढणे हेच त्याचे काम होते आणि ते त्याने नाकारले नाही. वडिलांनी शौर्याचा विषय पुन्हा काढला नाही. खाली मात्र त्यांनी एक छोटी ओळ कोरून घेतली, तीत मुलाच्या नावाला आजींचे नाव जोडलेले आहे. लष्करी दगडावर आईवडिलांची नावे असतातच. आजीचे नाव मी इतरत्र कधी पाहिलेले नाही.

पुस्तिकेविषयी काय करायचे यावर घरात दोन मते होती. आईंना वाटत होते की मुलांनी प्रेमाने लिहिले आहे, त्यांना दुखवू नये. बहिणीचे म्हणणे होते की एकदा छापले की हेच कायमचे खरे ठरेल. शेवटी रब्बींच्या मदतीने तीन मित्र शुक्रवारी सकाळी आजींना भेटायला आले. आजींनी पेणजवळच्या घाण्याची, शुक्रवारच्या दिव्याची, ज्या गावात आपल्या समाजाची दोनच घरे होती तेथे कोशेर, म्हणजे खाण्यापिण्याचे धर्मनियम, पाळण्याची हकिकत सांगितली. नातू लहानपणी खोटे बोलून शेजाऱ्यांच्या बागेतली डाळिंबे कशी तोडायचा, हेही सांगितले. मुले आधी गप्प झाली, मग हसली, मग रडली. पुस्तिकेचे पहिले पान त्यांनी नव्याने लिहिले. डाळिंबांची गोष्टही घातली. एका मित्राने तर त्याच्या रागाचा एक प्रसंग स्वतःहून दिला. संतचरित्राचा सूर गेला आणि ओळखीचा मुलगा परत दिसू लागला.

सेफेर तोराची वर्गणी थांबवणे नाजूक काम होते. पंचांना वाईट वाटले. जमलेल्या पैशांतून सिनेगॉगच्या एका जुन्या गुंडाळीची झिजलेली अक्षरे लेखकाकडून दुरुस्त करून घ्यावी आणि तिचे नवे वस्त्र मुलाच्या नावाने करावे, असा तोडगा निघाला. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण जी गुंडाळी दर शाब्बाथला वाचली जाते तीच पुन्हा धड झाली.

पहिल्या पुण्यतिथीचा कार्यक्रम हिब्रू तिथीप्रमाणे झाला. दुपारी सिनेगॉगमध्ये मिश्नाचे वाचन, वडिलांचा कद्दिश, मग घरी मलिदा. शास्त्राप्रमाणे मुलासाठी वडिलांनी तीस दिवसांपलीकडे कद्दिश म्हणायचे बंधन नाही. यांनी तो अकरा महिने म्हटला होता, आणि पाळीमुळे ज्या दिवशी मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी, लागणारे दहा पुरुष जमणार नाहीत असे दिसे त्या दिवशी कोणी ना कोणी मित्र बसने येऊन उभा राहत असे.

एक गाठ सुटली ती अर्धवट. बहीण समाजातल्या बायकांच्या कीर्तनमंडळात गाते. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तन करण्याची बेने इस्राएलांची परंपरा 1880पासूनची आहे आणि इस्राएलमध्ये ती मुख्यतः स्त्रियांनी टिकवली. भावासाठी तिला गायचे होते. येशिवेतले तरुण परक्या स्त्रीचे गाणे ऐकत नाहीत. ते त्यांच्या आचारात बसत नाही. ते उठून गेले असते तर तिचा अपमान, ती गप्प राहिली असती तर तिच्यावर अन्याय. कार्यक्रमाचे दोन भाग करण्यात आले आणि कीर्तन संध्याकाळी, मित्र परत गेल्यावर झाले. तिने ते मान्य केले, पण आनंदाने केले असे म्हणता येणार नाही. भावाने आपले गाणे ऐकले असते, एवढेच ती म्हणाली.

परिणाम

पुण्यतिथीचा हा क्रम त्यानंतरही चालू राहिला आहे. मित्रांची लग्ने झाली, काही जण दूर राहायला गेले, त्यामुळे संख्या कमी झाली. पण येणाऱ्यांत आता त्यांच्या बायका असतात आणि त्या संध्याकाळच्या कीर्तनाला थांबतात. ही गोष्ट कोणी योजलेली नव्हती.

राष्ट्रीय स्मरणदिनाशी, योम हझिकारोनशी, कुटुंबाचे नाते वेगळे राहिले. हिब्रू पंचांगातल्या इय्यार महिन्याच्या चौथ्या तिथीच्या आसपास, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी तो पाळतात. आदल्या रात्री 8 वाजता एक मिनिट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता दोन मिनिटे देशभर भोंगा वाजतो, रस्त्यावरच्या गाड्या थांबतात, प्रत्येक लष्करी थडग्यावर काळी फीत लावलेला छोटा ध्वज असतो. तेथे मुलगा हजारोंमधला एक असतो. सुरुवातीला आईंना ते सोसत नसे. पुढे त्यांनी सांगितले की शेजारच्या थडग्याशी उभ्या असलेल्या बाईंना दरवर्षी भेटायला म्हणून त्या जातात. त्या बाई मूळच्या इथिओपियातल्या. दोघी फारशा बोलत नाहीत, एकाच छत्रीखाली उभ्या राहतात.

संरक्षण मंत्रालय मृत सैनिकांची चरित्रे यिझकोर या नावाच्या संकेतस्थळावर ठेवते आणि मजकुरासाठी कुटुंबाशी बोलते. तेथेही आजींच्या घाण्याचा उल्लेख गेला आहे.

काय वेगळे करता आले असते

शिव्हाच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारायला हवे होते की या घरात बंधनापलीकडचा शोक कोणाचा आहे. आजींसाठी आईंच्या शेजारी एक बैठक मांडली असती तर पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या झाल्या असत्या. आजी, आत्या, सख्खा मित्र, ठरलेली वधू, अशा माणसांना शास्त्र वगळते ते त्यांच्यावरचे ओझे कमी करण्यासाठी. घर जेव्हा त्यांना वगळते तेव्हा त्यांच्याकडे दुःख मांडायला जागाच उरत नाही. लष्कराकडून येणारे समुपदेशकही आईवडील आणि भावंडांपाशी थांबले.

दुसरे, तीस दिवसांच्या आत काय ठरवायचे आणि काय नाही, याची वाटणी व्हायला हवी होती. मिश्नाचे वाचन थांबू शकत नाही, कद्दिश थांबू शकत नाही. दगडावरच्या जादा ओळीला, पुस्तिकेला, वर्गणीला घाई नव्हती. जे मागे घेता येत नाही ते वर्षभर थांबवले असते तर पंचांना दुखवण्याची वेळ आली नसती. पुस्तिकेबाबत तर योगायोगानेच वेळ मिळाला. छापखाना सणांमुळे बंद होता.

बहिणीच्या प्रश्नावर अधिक विचार व्हायला हवा होता असे मला वाटते. येशिवेच्या रब्बींना हा पेच आधीच सांगितला असता तर कदाचित बहिणीने भावाविषयी मराठीतून बोलावे आणि कीर्तनातली पदे वाचून दाखवावीत, अशी मधली वाट दुपारच्या भागातच निघाली असती. दोन वेगळे भाग केल्याने सगळ्यांचा आचार सांभाळला गेला, पण पहिल्या वर्षी ज्या मित्रांनी तिच्या भावाबरोबर शेवटचे महिने काढले त्यांच्यापर्यंत तिचा शब्द पोहोचला नाही.

आणि आजींचे बोलणे ध्वनिमुद्रित करायला हवे होते. शुक्रवारच्या त्या भेटीत त्यांनी जे सांगितले त्यातले जेमतेम एक पान पुस्तिकेत उतरले, तेही हिब्रूत. आजी आता नाहीत. त्यांची मुळातली मराठी हकिकत मला आठवते तेवढी मी लिहून कुटुंबाला दिली आहे, आणि बहिणीने ती आपल्या मुलांसाठी देवनागरीतच ठेवली आहे.